नाव सांगा ना, प्लीज!

समजा, श्रावणातल्या एखाद्या वीकेंडला तुम्ही धुळ्याजवळचा सोनगीरचा किल्ला चढताय. झुडपात ज्वाळेसारखं लाल-पिवळं फूल दिसतं. लगेच क्लिक, लगेच झाडवेड्या मित्रांना मेसेज: ‘हे काय आहे?’ नुसत्या क्लोजअपवरून ते बिचारे काय सांगणार? पानाचाही फोटो पाठवा की! पानाचं टोक दोऱ्यासारखं लांब होऊन शेजारच्या काडीला वेटोळं घालत असेल, पाकळ्या उलट्या वर वळल्या असतील, तर ती कळलावी. तामिळनाडूचं राज्यफूल. दिसायला सॉलिड, पण अख्खी विषारी! त्यातलं कोल्चिसीन जीवही घेऊ शकतं. सगळ्यात जहाल तिचा कंद, आणि लोक फसतात तेही त्यालाच, रताळं समजून. तेव्हा फोटोसाठी उपटू नका. चाखणं तर सोडाच.