डॉक्टरचा डॉक्टर

आमच्या केममध्ये सल्ला फुकट मिळतो. स्टेशनावरून घरी पोचेपर्यंत तो चार ठिकाणी मिळतो आणि न मागता मिळतो. हातात पिशवी दिसली की आत काय आहे, ते केवढ्याला आणलं, कुठून आणायला हवं होतं आणि मुळात आणायलाच नको होतं, इथपर्यंतचं सगळं मार्गदर्शन पारावर बसल्या बसल्या होतं. त्यामुळे पुण्याच्या एका कंपनीत मला सल्ला देण्याचा पगार मिळतो, हे मी पहिल्यांदा सांगितलं तेव्हा पारावर थोडा वेळ शांतता पसरली. पिढ्यान्‌पिढ्या आपण केवढं नुकसान करून घेतलं, याचा हिशेब प्रत्येक जण मनातल्या मनात करत असावा.

"कशाचा सल्ला?" नानांनी विचारलं.

"दवाखान्यांना. मोठ्या इस्पितळांना. कारभार कसा करावा याचा."

"म्हंजी डाक्टर झालास म्हन की!"

"नाही नाना. मी डॉक्टरांना सल्ला देतो."

नानांनी मला एकदा खालपासून वरपर्यंत बघितलं आणि शेजारच्याला म्हणाले, "म्हंजी डाक्टरचा डाक्टर हाय ह्यो."

दुसऱ्या दिवशी सकाळी अंगणात सात माणसं बसलेली. दोन गुडघे, एक जुनाट खोकला, एक "काय हुतंय तेच कळंना", आणि एक जण म्हशीबद्दल विचारायला आलेला. मला यातलं काही कळत नाही, असं मी परोपरीनं सांगितलं. कुणाचाही विश्वास बसला नाही. जाताना एक म्हातारी दुसरीला म्हणाली, "पुन्यात पैशे घेतो, मग हितं कशाला त्वांड उघडंल?"

म्हातारी चुकली होती, पण फारशी नाही. डॉक्टरनं नाडी बघून दिलेल्या सल्ल्यावर सरकार जीएसटी घेत नाही. आमच्या सल्ल्यावर अठरा टक्के घेतं. नाडी न बघता दिलेला सल्ला ही चैनीची वस्तू आहे, हे सरकारला बरोबर कळलेलं दिसतं.

केमला माणूस काय काम करतो हे विचारावं लागत नाही. गाव कुंकवाचं. पंढरपूर-तुळजापूरच्या दुकानांतून जे कुंकू तुम्ही पुडीत बांधून घेता, त्यातलं पुष्कळसं आमच्याकडचं. कारखान्यातून सुटलेला माणूस कोपरापर्यंत लाल असतो. माझी आत्या तीस वर्षं कुंकू भरायला जाते. तिच्या नखांच्या कडांना जी लाली बसली आहे, ती दिवाळीच्या उटण्यालाही दाद देत नाही. मी दहा वर्षं इस्पितळांच्या धंद्यात आहे आणि माझ्या हाताला आजवर साधं आयोडिनसुद्धा लागलेलं नाही.

मग आम्ही करतो काय? सांगतो. प्रथम आम्ही गळ्यात पट्टा अडकवून वॉर्डात उभे राहतो आणि कोण किती मिनिटं कुठे जातं ते लिहितो. आमच्या भाषेत इस्पितळ म्हणजे खाटा. एका खाटेवर महिन्यात किती माणसं झोपून उठली, ही त्या खाटेची उलाढाल. माणूस सरासरी किती दिवस झोपला, तो त्याचा सरासरी मुक्काम. मुक्काम घटला की उलाढाल वाढते, उलाढाल वाढली की विश्वस्त खूश, आणि ते खूश झाले की आमचं बिल निघतं. या सगळ्यात पेशंट म्हणजे खाट अडवून बसलेला एक इसम.

एका शहरातल्या इस्पितळाचं काम आमच्याकडे आलं. (नाव सांगत नाही. तिथे माझे अजून दोन स्नेही आहेत, ते दोन तरी राहू देत.) तक्रार अशी की पेशंटला घरी सोडायला फार उशीर होतो. सकाळी डॉक्टर "जा" म्हणतात आणि पेशंट संध्याकाळी जातो. आम्ही तिघं तीन आठवडे कारण शोधत होतो. ते तिथल्या एका सिस्टरनं पहिल्याच दिवशी चहाच्या कपाबरोबर सांगून टाकलं होतं. फाईल बिलाच्या खिडकीवर पडून राहते, उरलेली औषधं परत करायला वेगळी रांग, विमा कंपनीचा होकार दुपारशिवाय येत नाही, आणि ज्यांची सही लागते ते साहेब तेव्हा ओपीडीत असतात. बावीस वर्षं ती हे बघत होती. हेच आम्ही चौऱ्याऐंशी पानांत, रंगीत बाणांसह लिहिलं आणि ज्यांनी तिला बावीस वर्षांत कधी विचारलं नव्हतं त्यांना विकलं. दूध गवळ्याचं, गाय गवळ्याची, आणि आम्ही त्यालाच पातेलं भरून विकतो, वर पाणी मोजायचा आकार वेगळा.

पण सिस्टरनं आणखी एक गोष्ट सांगितली होती. "आणि दादा, थोडा उशीर मी पण करते हं. कुणाची एसटी चारला असते, कुणाची गाडी सहाला. टाके घातलेलं माणूस स्टँडवर कुठं बसवायचं? मग मी त्यांचे कागद जरा हळू करते." तिच्या वहीच्या मागच्या पानावर खाट नंबर आणि समोर गाडीची वेळ, अशी यादी असायची.

आम्ही अहवालात लिहिलं: 'परिचारिका-स्तरावर टाळता येण्याजोगा विलंब.' उपाय: अकराच्या आत खाट रिकामी. हे वाक्य कुणी लिहिलं असं विचाराल, तर मीच लिहिलं.

आता माझ्याच धंद्यातले लोक म्हणतील, हा ज्या ताटात जेवतो त्यातच थुंकतो. तसं नाही. त्या इस्पितळात सहीसाठीची धावाधाव आमच्यामुळे निम्म्यावर आली, हे खरं आहे. बाहेरच्या माणसाला आतल्यांपेक्षा कधी कधी जास्त दिसतं, हेही खरं. जागतिक आरोग्य संघटनेनं २००८ साली शस्त्रक्रियेआधी आणि नंतर वाचायची एकोणीस बाबींची यादी काढली. तिनं कितीतरी जीव वाचवले. मात्र ती यादी एका पानावर मावते, आणि ती करण्यात पुढाकार घेणारे अतुल गावंडे (वडील महाराष्ट्रातल्याच एका खेड्यातले) स्वतः टेबलाशी उभे राहून पोटं उघडणारे सर्जन होते. चौऱ्याऐंशी पानं लागतात ती टेबलाशी उभं न राहणाऱ्याला.

आणि खरा सल्लागार बघायला आम्हा केमकरांना पुण्यालाही जावं लागत नाही. आमच्या करमाळा तालुक्याला लागून जामखेड. रजनीकांत आणि मेबल आरोळे हे डॉक्टर जोडपं वेल्लोरला शिकून, अमेरिकेतून सार्वजनिक आरोग्याचं शिक्षण घेऊन १९७० साली तिथे आलं. एवढ्या शिक्षणावर आमच्या कंपनीनं त्यांना केबिन दिली असती आणि वर माणशी एक गाडी. ते गावागावांत जाऊन बसले आणि तुम्हाला काय पाहिजे, असं विचारत सुटले. लोकांनी दवाखाना मागितला नाही, पाणी मागितलं, खायला मागितलं. मग त्यांनी तिथून सुरुवात केली. अक्षरओळख नसलेल्या, पुष्कळशा दलित घरांतल्या बायांना बाळंतपण, पोरांची वजनं, जुलाबावरचं मीठ-साखर-पाणी शिकवलं आणि त्यांच्या गावचं आरोग्य त्यांच्याच हाती दिलं. १९७९ साली आरोळे दांपत्याला मॅगसेसे मिळालं. पुढे देशोदेशींची शहाणी माणसं त्या बायांकडून शिकायला जामखेडला आली. आमच्या कंपनीच्या एका सादरीकरणात जामखेडचा फोटो आहे. दुसऱ्या पानावर, ठळक. तिसऱ्या पानापासून खाटा.

आत्याचं पित्ताशयाचं ऑपरेशन त्याच इस्पितळात झालं. मीच तिथे नेलं, ओळख होती ना. ऑपरेशनच्या आधी एका शिकाऊ पोरीनं तिची बोटं पुसून पुसून नखांची लाली जाईना म्हणून घाबरून सिस्टरला बोलावलं. सिस्टर हसली. "केमच्या का? राहू दे गं, ते निघत नाही."

ऑपरेशन चांगलं झालं. तिसऱ्या दिवशी सकाळी मी नऊला पोचलो तर आत्या लुगडं नेसून, पिशवी मांडीवर घेऊन, व्हरांड्यातल्या खुर्चीवर. तिच्या खाटेवर नवी चादर चढत होती. कागद तयार, बिल तयार, औषधांची पुडी तयार. इतकं झटपट काम मी भारतात कुठे बघितलं नाही. सिस्टर माझ्याशी बोलली नाही. फार कामात होती असं म्हणतो.

केमला मोजक्याच गाड्या थांबतात. आम्हाला सोयीची गाडी संध्याकाळची. टॅक्सी करतो म्हटलं तर आत्या पैशांचा आकडा ऐकून ऑपरेशनात झाली नव्हती तेवढी हवालदिल झाली. तेव्हा साडेदहापासून आम्ही प्लॅटफॉर्मच्या सिमेंटच्या बाकावर. ती उशाला पिशवी घेऊन पोटावर हात दाबून आडवी, मी पंख्याची दिशा बघून बाक बदलतोय. दर वेळी तिला उठवायचं म्हणजे दोन्ही काखांत हात घालायचा. दुपारी तीनला तिला उलटी झाली. एका हमालानं न विचारता पाणी आणून दिलं आणि सल्ला दिला, "एवढ्यात आणायचं नव्हतं हो बाईंना." फुकट सल्ला. जीएसटी नाही.

"चांगली मान्सं हायती बाबा," आत्या म्हणाली. "येक दिस जास्त ठिवलं न्हाई. बिल वाढू दिलं न्हाई. तुजी वळख म्हनून."

मी हो म्हटलं.

पुढच्या इस्पितळाच्या तक्त्यात मी एक रकाना वाढवला: 'पेशंटचं गाव आणि परतीची गाडी.' साहेबांनी विचारलं, "याचा बेंचमार्क काय?" मी म्हटलं, एक सिस्टर आहे, तिच्या वहीत आहे. साहेब हसले आणि रकाना गाळला. जुन्या इस्पितळाचा त्या महिन्याचा आलेख त्याच बैठकीत भिंतीवर लागला होता. एक पेशंट, एक टिंब. अकराच्या आत सुटलेले हिरवे, उशिरा सुटलेले लाल. आत्याचं टिंब मी तारखेवरून शोधून काढलं. ते हिरवं होतं.