मंद आचेचं काय?

स्वस्त इंडक्शन शेगडी ३०० वॅटवर ठेवा आणि कान देऊन ऐका. घूंऽऽ... शांत... पुन्हा घूंऽऽ. म्हणजे आच मंद होतच नाही, मोठी आचच चालू-बंद होत राहते! अशा बहुतेक शेगड्यांत एकच आयजीबीटी असतो. पॉवर फार उतरवली, की व्होल्टेज शून्यावर येण्याआधीच तो ऑन करावा लागतो आणि तापतो. म्हणून ही पळवाट. चहाला चालेल हो, पण बासुंदीला?

हाफ-ब्रिजमध्ये फ्रिक्वेन्सी रेझोनन्सच्या वर नेली की पॉवर खरोखर उतरते. आयजीबीटी दोन लागतात, स्विचिंग लॉसेसही वाढतात, मान्य. तरी माझं मत त्यालाच. आपले प्रोजेक्टवाले मात्र फुल पॉवरची एफिशियन्सी दाखवून मोकळे! व्हायव्हाला एक्स्टर्नलनी ३०० वॅटचं रीडिंग मागावं, दुधाच्या पातेल्यासकट.