अर्धं पकवान, भरपूर डाळ
उल्हासनगरात दाल-पकवानच्या गाडीपुढे उभं राहून ‘मी कार्ब्ज सोडले’ म्हणणारे हल्ली बरेच भेटतात. हसू नका, त्यांचं निम्मं बरोबर आहे: दोष मैद्याच्या पकवानाचा, हरभऱ्याच्या डाळीचा नव्हे. आयसीएमआरच्या २०२५ च्या अभ्यासात भारतीयांच्या ऊर्जेतला सुमारे ६२ टक्के वाटा कर्बोदकांचा निघाला. पुण्याच्या केईएममधल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांनी २००४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये स्वतःचा आणि ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांचा फोटो छापला. दोघांचा बीएमआय २२.३, चरबी मात्र युडकिनांची ९.१ टक्के, याज्ञिकांची २१.२! बदलापूर लोकलमधल्या सडपातळ माणसालाही मधुमेह का गाठतो, ते यावरून उमगतं. डॉ. जगन्नाथ दीक्षितांनी इन्सुलिन हा शब्द घराघरांत नेला, हे श्रेय त्यांचंच. त्यांचं ‘दोनदाच जेवा’ हे सूत्र पाळायला सोपंही आहे. पण उतारवयात स्नायू झिजतात. तेव्हा वगळलेल्या भाताची जागा नुसत्या काकडीने भरून भागत नाही, तिथे उसळ, अंडं, मासळी, पनीर लागतं. आणि मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असेल, तर भात-पोळी तोडण्याआधी डॉक्टरांकडून डोस तपासून घ्या. नाहीतर साखर एकदम उतरून चक्कर येते, तीही नेमकी कल्याणच्या गर्दीत.