दोन पात्या आणि एक पंखा

देवासच्या जुन्या रहिवाशांस दोन पात्यांची गोष्ट नव्याने सांगावयास नको. एकाच गावात पवारांची थोरली पाती आणि धाकटी पाती अशी दोन संस्थाने, दोन राजवाडे आणि दोन कारभार १९४८ पर्यंत शेजारी शेजारी नांदले. आज त्यांची आठवण होण्याचे कारण मात्र इतिहास नव्हे. आमची जुनी मोटार होय. तिच्याही डॅशबोर्डामागे अशाच दोन पात्या नांदतात, हे कळावयास आम्हांस गेल्या वैशाखात मोठी किंमत मोजावी लागली.

मोटार १९९४ सालची. वडिलांनी हौसेने घेतलेली, म्हणून विकण्याचा विचार घरात कोणी उच्चारीत नाही. तिचे थंड हवेचे यंत्र दोन वर्षांपासून रुसले होते. आम्ही ते एका कारखान्यात दाखविले. मिस्त्रींनी वाफाळता हात झटकून निदान केले, ‘‘गॅस कम है, भर देते हैं.’’ भरला. पंधरा दिवस गारवा, सोळाव्या दिवशी पुन्हा भट्टी. पुन्हा गेलो, पुन्हा गॅस, पुन्हा पैसे. गॅस हा पेट्रोलसारखा संपत असावा, अशीच आमची भाबडी समजूत होती.

त्याच भरवशावर आम्ही धारच्या आत्याबाईंना देवासला आणावयास निघालो. वय चौऱ्याऐंशी, जोडीला दम्याचा विकार. धुळीमुळे काचा लावलेल्या. बेटमा मागे पडले आणि गार हवेच्या जाळीतून चक्क ऊन वारा येऊ लागला. गारवा वाढावा म्हणून आम्ही पंखा अधिक जोरात केला, तो वारा अधिकच तापला. आत्याबाईंचा श्वास लागला, ओठ सुकले, बोलणे थांबले. गाडी एका लिंबाखाली उभी केली, ओली पंचे मानेवर ठेवली, त्यांचे औषध ओढावयास दिले. अर्ध्या तासाने त्या बोलल्या, ‘‘अरे, दारे उघडी टाकून बैलगाडीने यायचो, तेव्हा बरे होते रे!’’ त्या हसल्या. आम्हांस हसू आले नाही.

दुसऱ्या दिवशी देवासला आग्रा-मुंबई रस्त्यावरच्या एका वृद्ध कारागिरांकडे गाडी नेली. त्यांनी गॅसच्या टाकीस हातही लावला नाही. आधी इंजिन सुरू करून बॉनेटखाली पाहिले, आणि आतील बाजूस जाणाऱ्या दोन रबरी नळ्यांजवळ बोट नेऊन म्हणाले, ‘‘दोनों गरम हैं. हीटर तो चालू है, बाबूजी!’’

वाचकहो, येथे त्या दोन पात्या आल्या. धाकटी पाती उष्णतेची. इंजिन थंड ठेवणारे जे पाणी तापते, त्यातील थोडे डॅशबोर्डामागच्या लहानशा रेडिएटरमधून फिरविले की थंडीत ऊब मिळते. त्या पाण्याच्या वाटेवर एक कॉक असतो आणि तो तारेने उघडतो-मिटतो. थोरली पाती गारव्याची. तिचा कॉम्प्रेसर गॅस दाबतो, पुढील जाळीत तो उष्णता टाकून द्रवरूप होतो, बारीक छिद्रातून सुटताच आतील कॉइलमध्ये उकळून थंड होतो आणि पुन्हा कॉम्प्रेसरकडे परततो. कारभार दोन, पण पंखा दोघांचा एकच. आमच्या गाडीत उष्णतेच्या कॉकची तार गंजून अडकली होती. दांडी ‘थंड’वर होती, कॉक मात्र उघडाच. एका पातीने कमावलेला गारवा दुसरी पाती दिवसभर लुटीत होती.

मग गॅसचे काय? तोही गळत होताच. ही साखळी बंदिस्त असते. तीत गॅस वापरला जात नाही, केवळ फिरतो. कमी झाला याचा अर्थ तो कोठून तरी निसटला. छिद्र न शोधता गॅस भरणे म्हणजे फुटक्या रांजणात पाणी ओतणे होय. कारागिरांनी उरलेला गॅस हवेत न सोडता टाकीत काढून घेतला, नायट्रोजनचा दाब देऊन सांध्यांवर साबणाचे पाणी लावले, आणि पुढील जाळीच्या सांध्याशी बुडबुडे उमटले. तेथेच तेलाचा काळसर डागही होता. तो डाग आम्ही वर्षभर पाहत होतो, पण वाचीत नव्हतो.

आणखी एक घोळ निघाला. त्या काळच्या आपल्याकडील मोटारींत आर-१२ नावाचा गॅस असे. तो ओझोनचा थर नासवितो, म्हणून १९८७ च्या माँट्रियल कराराने त्यावर नियंत्रण आले. भारत १९९२ मध्ये त्यात सामील झाला. पुढे त्याची जागा आर-१३४ए ने घेतली. हा ओझोनला धक्का लावीत नाही, पण पृथ्वीस तापविण्यात कार्बन डायऑक्साइडच्या हजारपटीहून अधिक प्रबळ आहे. म्हणजे गळती केवळ आपल्या खिशाची राहत नाही. शिवाय जुन्या गॅसबरोबर खनिज तेल चाले. नव्या गॅसमध्ये ते मिसळत नाही आणि कॉम्प्रेसर कोरडा पडून झिजतो. आमच्या गाडीत नवा गॅस जुन्याच तेलावर दोनदा भरला गेला होता.

तेव्हा जुने तेल काढून मानवेल ते भरले, रबरी कड्या बदलल्या, ओल शोषणारा ड्रायर नवा बसविला. पाऊण तास पंपाने नळ्या निर्वात केल्या, कारण आत राहिलेली ओल बारीक छिद्रात गोठून वाट अडविते. काटा जागचा हलत नाही अशी खात्री झाल्यावर गॅस अंदाजाने नव्हे, वजनाने भरला. तोही मूळ गॅसच्या मानाने थोडा कमी. दोन दिवस लागले. याच धार जिल्ह्यात पीथमपूरला नव्या वाहनांच्या चाचणीसाठी ११.३ किलोमीटरचा द्रुतगती मार्ग २०२१ मध्ये खुला झाला. पण आमच्या गाडीचा प्राण एका रबरी कडीत आणि वीतभर तारेत अडकला होता.

पौषात या दुरुस्तीचा दुसरा लाभ कळला. पहाटे काचेवर धुके धरले की ऊब आणि गारवा दोन्ही एकदम सुरू करावे. एक हवेतील ओल काढते, दुसरी काच तापविते, आणि रस्ता दिसू लागतो. पायाशी गोडसर वास किंवा काचेवर आतून चिकट थर आला, तर उबेच्या रेडिएटरची गळती समजावी. इंजिन गरम असता त्याच्या पाण्याचे झाकण उघडू नये. आणि गारव्यासाठी असो वा उबेसाठी, इंजिन चालू ठेवून बंद गाडीत झोपू तर कधीच नये. धुराड्यातील विषारी वायूस वास नसतो.

क्षयाने ग्रासलेले कुमार गंधर्व १९४८ साली याच देवासच्या कोरड्या हवेसाठी येथे आले आणि अखेरपर्यंत येथेच राहिले. त्या हवेच्या गावात काचा लावून फिरावे लागते, याची खंत आहेच. पण आत्याबाईंचा दमा खंतीने थांबत नाही. लिंबाखालची ती अर्धी घटका आमच्या आळसाची होती. दोनदा पैसे दिले, एकदाही कारण विचारले नाही.

माघात आत्याबाई पुन्हा आल्या. दुपार तापू लागली होती, तरी वाटभर गाडीत गारवा उत्तम. देवास आले, टेकडी दिसू लागली, तोच त्यांनी स्वतः काच खाली केली. आम्ही म्हटले, ‘‘आत्याबाई, गारवा जाईल.’’ टेकडीकडे पाहून हात जोडीत त्या म्हणाल्या, ‘‘जाऊ दे. देवीसमोर काच लावून बसायचे असते का?’’

गारवा गेला. आम्हीही हात जोडले. असो.