प्रेस किती टनाचा, हे नंतर विचारा



गावातले तरुण लोहारभाऊ सध्या एकच गोष्ट विचारतात. घरच्या भट्टीसाठी हायड्रॉलिक प्रेस घ्यायचा, तर २० टनाचा की ५० टनाचा? मोबाइलवर परदेशातले चाकू बनवणारे लोक तापलेला ठोकळा प्रेसखाली लोण्यासारखा दाबताना दिसतात, तिथून हे खूळ आलं. विषय लोहाराचा वाटतो, पण आपलाही आहे. तो चुकीच्या यंत्राच्या हप्त्यात अडकून भट्टी बंद करून बसला, तर ऐन डवरणीत पास शेवटायला आपल्यालाच तालुक्याला पळावं लागेल.

माझं मत सरळ आहे. इळा, खुरपं, पास हेच रोजचं काम असेल तर आधी पॉवर हॅमर, प्रेस नंतर. आणि प्रेस घ्यायचाच असेल तर टनाआधी वेग पाहा.

कारण असं. परदेशातले ते लोक जाड ठोकळे दाबतात, पोलादाचे थर एकमेकांत जोडतात. तिथे प्रेस राजा आहे. आपला इळा मात्र भंगारातल्या कमानपाटीतून निघतो. ती पट्टी पातळ. प्रेसचे थंड डाय तिला धरून ठेवतात आणि तिची उष्णता ओढून घेतात. पट्टी काळी पडली की दाबून उपयोग नाही, वर तडा जायची भीती. हॅमरचा घाव क्षणाचा असतो, म्हणून एका तावात जास्त काम होतं.

आता टनाचं गणित. ताकद गुणिले वेग म्हणजे मोटरची शक्ती. २ एचपीच्या मोटरवर २० टनाचा प्रेस पूर्ण जोर लावताना सेकंदाला साडेसात मिलिमीटरच सरकतो, तेही तोटा न धरता. तीच मोटर ५० टनाला लावली तर जेमतेम ३ मिलिमीटर. तोवर लोखंड थंड! २० टनाला ५ एचपी असेल तर वेग १९ मिलिमीटरपर्यंत जातो. पण गावठाणात घरोघरी सिंगल फेज, त्यात व्होल्टेज कमी. मोठी मोटर त्यावर टिकत नाही. शेतीपंपाच्या लाइनवर जोडू म्हणाल, तर तो अनधिकृत वापर धरला जातो. म्हणून आधी मीटर पाहा, मग मोटर, टन शेवटी. पंप दोन टप्प्यांचा घ्या: मोकळा असताना भरभर उतरतो, जोर आला की हळू होतो. बेअरिंग बसवायचा हातपंपाचा प्रेस तापलं लोखंड घडवायला चालत नाही.

प्रेसच्या बाजूनेही बोललं पाहिजे. तो आवाज करत नाही, शेजाऱ्याच्या भिंती हादरवत नाही. कुऱ्हाडीला दांड्याचं भोक पाडणं, पहारीचं टोक काढणं, अशा जाड कामाला तो उत्तम. असं काम रोज येत असेल तर जरूर घ्या.

पैशाचंही पाहा. पीएम विश्वकर्मा योजना १७ सप्टेंबर २०२३ ला सुरू झाली. तिच्या १८ व्यवसायांत लोहार आहे. हत्यारांसाठी १५,००० रुपयांपर्यंत ई-व्हाउचर आणि ५ टक्के व्याजाने पहिलं कर्ज १ लाखापर्यंत, १८ महिन्यांत फेडायचं. म्हणजे महिन्याला साधारण ५,८०० रुपये हप्ता. लोहाराचं काम हंगामी: पेरणीआधी आणि सोंगणीला गर्दी, मध्ये सामसूम. हप्ता मात्र बाराही महिने येतो. पहिलं कर्ज नीट फेडलं तर २ लाखांपर्यंतच्या दुसऱ्या कर्जाची वाट मोकळी होते. प्रेसचा विचार तेव्हा करावा.

घेतलाच तर दोन गोष्टी सोडू नका. तेलाचे पाइप भट्टीपासून लांब आणि झाकलेले ठेवा. गरम लोखंडावर तेल उडालं की भडका होतो. बारीक गळती बोटाने तपासू नका, दाबाचं तेल कातडीत घुसतं. आणि पायडल असा हवा की पाय उचलताच प्रेस थांबेल.

शेतकरी भावांनो, आपलंही काम आहे. बाजारातलं स्वस्त खुरपं दोन निंदणात वाकतं. गावच्या लोहाराला उन्हाळ्यातच काम सांगा आणि पैसे रोख द्या. यंत्र कोणतंही असो, भट्टी त्यानेच पेटती राहील.

तुमच्या गावात कोणी पॉवर हॅमर किंवा प्रेसवर इळे घडवत असेल, तर त्याचा अनुभव जरूर कळवा.