गो डाऊन? कुठे?

परवाचीच गोष्ट. अमेरिकेतल्या क्लायंटबरोबर कॉल चालू होता. मी झोकात म्हणालो, "युवर स्टॉक इज इन अवर गोडाऊन, नियर खारबाव." पलीकडे शांतता. मग प्रश्न आला, "गो डाऊन... व्हेअर?" मीटिंग रूममध्ये हशा! कॉल संपल्यावर साहेबांनी ऐकवलंच, "वेअरहाऊस म्हण रे. गोडाऊन हे आपलं देशी इंग्लिश."

वसई-दिवा लाईनच्या गाडीत बसलो तरी ते डोक्यातून जाईना. मी खारबावचाच. भिवंडीच्या आसपास भातशेतीच्या जागी पत्र्याची गोडाऊन्स उभी राहताना पाहत मोठा झालो. बाबा तिथेच सुपरवायझर होते. माझ्या इंग्लिशच्या शिकवणीची फी गोडाऊनच्याच पगारातून भरली. आणि आता त्याच शब्दाची लाज वाटावी?

घरी येऊन डिक्शनरी उघडली आणि चाटच पडलो. 'गोडाऊन'चा 'गो' आणि 'डाऊन'शी काडीचा संबंध नाही! माल ठेवायच्या जागेला तमिळमध्ये 'किडंगु', तेलुगूत 'गिडंगि', मलय भाषेत 'गुदांग'. पोर्तुगीजांनी १५११मध्ये मलाक्का घेतलं, १५३४मध्ये आपली वसई मिळवली. व्यापार म्हटला की कोठार आलंच. त्यांनी शब्दाचं 'गुदाँव' केलं. सोळाव्या शतकाच्या अखेरीस तो इंग्रजीत पोचला आणि इंग्रजी कानांना त्यात ओळखीचं 'गो डाऊन' ऐकू आलं. यूल आणि बर्नेल यांच्या १८८६च्या 'हॉब्सन-जॉब्सन' कोशातही तो आहे. आपलं 'गोदाम' त्याच घराण्यातलं. हाँगकाँग-सिंगापूरलाही 'गोडाऊन' चालतं बरं का!

आणखी एक गंमत. इंडोनेशियातल्या एका प्रसिद्ध सिगारेटचं नाव आहे 'गुदांग गरम'. तिकडे 'गरम' म्हणजे मीठ. म्हणजे मिठाचं गोदाम! आमच्या खारबावला किती शोभलं असतं!

तेव्हा मित्रांनो, अमेरिकन क्लायंटसमोर 'वेअरहाऊस' म्हणा. समोरच्याला कळलं पाहिजे, बाकी काही नाही. पण 'गोडाऊन' म्हणणाऱ्याला कुणी हसलं तर त्याला ही चारशे वर्षांची कुंडली जरूर ऐकवा. मी साहेबांना ऐकवली, चहा पिता पिता.

बाबांनाही सांगितली. ते एवढंच म्हणाले, "म्हणजे आम्ही इतकी वर्षं बरोबरच बोलत होतो की!"