दाबलं का नाई दाबलं?

अकोल्याजवळच्या एका धुऱ्यावर कास्तकार मोबाइल घेऊन उभा. मागे पऱ्हाटी, स्क्रीनवर रखरखीत ऊन. ॲपमधलं बटण त्यानं दाबलं. काही हललं नाही. पुन्हा दाबलं, मग तिसऱ्यांदा. "दाबलं का नाई दाबलं, समजतच नाई बाप्पा!" अर्ज मात्र तीनदा गेला.

दोष बोटाचा नव्हता, सगळा नेटवर्कचाही नव्हे. वापरसुलभतेचे तज्ज्ञ याकोब नील्सन यांनी १९९३ मध्येच लिहून ठेवलंय: ०.१ सेकंदात प्रतिसाद मिळाला तर तो तत्काळ वाटतो, १ सेकंदापुढे विचारांची तार तुटते, १० सेकंदांनंतर लक्षच उडतं. सर्व्हर कुठंही असो, बटणाचा रंग बदलायला त्याची परवानगी लागत नाही. ते काम फोनचंच. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर आलेल्या ई-पीक पाहणी या सरकारी ॲपमध्ये पिकाची नोंद फोनमध्येच ठेवून रेंज आल्यावर पाठवता येते. अशी युक्ती आणखी ॲपांत का नसावी?

अमरावती-अकोल्यात ॲप घडवणाऱ्या पोरांसाठी हा अंक. चाचणी ऑफिसच्या वायफायवर, नव्याकोऱ्या फोनवर उरकू नका. मेमरी भरलेला, काच तडकलेला जुना फोन घ्या आणि मेळघाटाचा घाट चढा.